अण्णांचा हिशेब, घरच्यांच्या वहीत

वडील वारले की दहा-बारा दिवसांत कुणीतरी वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर लिहायला बसतं. मनमिळाऊ, कष्टाळू, वरून कडक पण आतून प्रेमळ, नातवंडांत रमणारे. वर्षश्राद्धाला एखादा हौशी भाचा स्मरणिका काढतो, तिच्यातही हेच शब्द पानोपानी येतात. या लिखाणाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. घरातलं माणूस गेलेलं असताना शब्द पारखत कोण बसणार? पण पाच-सात वर्षांनी ती स्मरणिका हाती घ्यावी. फोटो तेवढा बदलला तर ती शेजारच्या काकांनाही चालून जाईल.

मराठीत एका घराने मात्र आपल्या कर्त्या पुरुषाची आठवण अशी लिहून ठेवली आहे, की तिथे दुसऱ्या कुणाचा फोटो चिकटवताच येणार नाही. ते घर धोंडो केशव कर्व्यांचं. जगाचे महर्षी, घरातले अण्णा आणि नातवंडांचे आजोबा. त्यांचं स्वतःचं ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झालं. पत्नी आनंदीबाई, म्हणजे सगळ्यांच्या बाया, यांचं ‘माझे पुराण’ आलं १९४४ साली. आणि सून इरावती कर्वे यांनी ‘आजोबा’ हा लेख लिहिला. एकाच माणसाला तीन ठिकाणांहून पाहणारं हे लेखन आहे. पहिल्या ठिकाणी तो स्वतः उभा आहे, दुसऱ्या ठिकाणी त्याचा संसार ओढणारी बाई, आणि तिसऱ्या ठिकाणी बाहेरून घरात आलेली, बर्लिनला डॉक्टरेट केलेली, शास्त्रज्ञाची नजर असलेली सून. तिन्ही लागोपाठ वाचली की जे हाती लागतं ते एकेकट्या पुस्तकात नाही, असं माझं मत आहे. म्हणून हे रसग्रहण एका पुस्तकाचं करता येत नाही; पुस्तकांमधल्या संबंधाचं करावं लागतं.

‘आत्मवृत्ता’पासून सुरुवात करू. कोकणातल्या शेरवली या आजोळच्या गावी १८ एप्रिल १८५८ रोजी जन्म, दापोली तालुक्यातलं मुरूड हे मूळ गाव, घरची ओढगस्त. सोमण गुरुजींच्या हाताखाली शिकणारा हा मुलगा देवळात बसून गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. पुढे पुस्तकातला सगळ्यांत गाजलेला प्रसंग येतो तो साताऱ्याच्या परीक्षेचा. सरकारी नोकरीची दारं उघडणारी ही परीक्षा. समुद्र खवळलेला, बोटी बंद. मग मुरूडची पोरं कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला निघाली. अंतर शंभर मैलांच्या वर. पाठीवर सामान, वर पाऊस. साताऱ्याला पोचल्यावर परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी धोंडूकडे पाहिलं आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. वय भरलेलं होतं, दाखला जवळ होता. भरला नव्हता तो फक्त अंगाने. आला तसा तो पायी परत गेला. पुढे कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा उत्तीर्ण झाला.

शाळेच्या पुस्तकांनी या प्रसंगाचं ‘जिद्द’ असं लेबल लावून वाटोळं केलं आहे. मुळात तो वाचावा. अण्णा निराशा लपवत नाहीत, पण त्या अध्यक्षांना एक वावगा शब्दही लावत नाहीत. आपल्या अंगकाठीबद्दल विनोद करायची केवढी आयती संधी होती! दुसरा कुणी असता तर त्याने इथे दोन पानं रंगवली असती. अण्णा अंतर सांगतात, घाट सांगतात, निकाल सांगतात आणि पुढच्या वर्षाकडे वळतात. त्यांच्या गद्याची ही चाल शेवटपर्यंत सुटत नाही. गणिताच्या प्राध्यापकाचं हे लेखन आहे. पायऱ्या सगळ्या दाखवायच्या, गाळायची एकही नाही, आणि उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळं व्हायचं.

ही कोरडी शैली आहे असं म्हणून पुष्कळ वाचक पुस्तक बाजूला ठेवतात. मी म्हणेन, घाई करतात. या पुस्तकात एक गोष्ट अण्णा पुन्हा पुन्हा कबूल करतात, ती म्हणजे त्यांचा भिडस्त, लाजाळू स्वभाव. चारचौघांत बोलायला संकोच, मोठ्या माणसाकडे जायला संकोच. आणि हाच माणूस पुढे जन्मभर पावतीपुस्तक घेऊन लोकांच्या दारात उभा राहिला. अनाथ बालिकाश्रम निघाला १८९६ साली, तेव्हापासून ते नव्वदी गाठेपर्यंत त्यांचं मागणं थांबलं नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवं मंडळ काढलं आणि त्यासाठी परत वर्गणी गोळा करायला बाहेर पडले. शहाऐंशीव्या वर्षी समता संघ काढला. लाजाळू माणसाला दर वेळी दार वाजवताना काय होत असेल? ते ‘आत्मवृत्ता’त नाही. नोंद आहे, ठणका नाही. पुस्तकाचा मोठेपणा आणि त्याची मर्यादा, दोन्ही इथेच आहेत.

आता हेच आयुष्य बायांच्या बाजूने.

गोदूबाई देवरुखच्या जोशांची मुलगी. लहानपणी नातूंच्या घरात दिली आणि लग्नाला काही महिने होतात न होतात तोच नवरा गेला. मग केशवपन आणि सासरी राबणं, वर्षानुवर्षं. मुंबईत असलेले भाऊ नरहरपंत यांनी तिला तिथून बाहेर काढलं. १८८९ साली पंडिता रमाबाईंचं शारदा सदन निघालं, तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. नरहरपंत आणि अण्णा मित्र. अण्णांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारली होती, पदरात रघुनाथ हा नऊ वर्षांचा मुलगा. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं होतं. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात लग्न झालं, गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे मुरुडात सभा भरली आणि बहिष्काराचा ठराव झाला. भावाने घरात घेतलं तर भावावरही बहिष्कार.

इथपर्यंतची हकिगत दोन्ही पुस्तकांत जवळपास सारखी चालते. फाटा फुटतो तो यानंतर.

बाया लिहितात बोलल्यासारखं. मोठेपणी अक्षरओळख झालेल्या या बाईचं हे पुस्तक एका सुनेने, कावेरी कर्वे यांनी, संपादित केलं, आणि मूळचं बोलणं जराही मोडू दिलं नाही हे कावेरीबाईंचे उपकार. अण्णांच्या वाक्यांना पायऱ्या असतात, बायांच्या वाक्यांना ठेच लागते. एक गोष्ट सांगताना मधेच दुसरी आठवते, तिच्यातून तिसरी निघते, मग परत मूळ मुद्द्यावर. पण या आडवळणांत घर दिसतं. पीठ-मीठ दिसतं. मुलांची आजारपणं दिसतात. अण्णांच्या पुस्तकात संस्थेचं अंदाजपत्रक आहे. बायांच्या पुस्तकात महिनाअखेर.

विम्याची गोष्ट घ्या. अण्णांनी स्वतःच्या नावावरची पाच हजारांची विम्याची पॉलिसी आश्रमाच्या नावे करून टाकली. त्या काळी पाच हजार म्हणजे लहानसहान रक्कम नव्हे. फर्ग्युसनच्या आजीव सेवकाचा पगार महिना पंचाहत्तर रुपये होता. अण्णांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून मुंबईतली तीन तीन ठिकाणची शिकवण्याची कामं सोडून तो पत्करला होता. ‘आत्मवृत्त’ वाचताना पॉलिसी दिल्याची गोष्ट त्यागाच्या रकान्यात जाऊन बसते आणि वाचक मान डोलावतो. ‘माझे पुराण’ वाचताना तीच गोष्ट दुसऱ्या रकान्यात पडते. घरात लहान मुलं, माहेर नाही, सासर बहिष्कृत. उद्या याचं काही बरंवाईट झालं तर या बाईने आणि त्या पोरांनी जायचं कुठे? त्या पाच हजारांवर हक्क कुणाचा होता? बाया हा प्रश्न मांडतात, आणि प्रश्न मांडताना त्यांना अण्णांचा राग आलेला आहे हे वाचकाला कळू देतात. पतिव्रतेच्या साच्यातून बाहेर पडून लिहिणारी बाई १९४४ सालच्या मराठीत किती होती, हे आपण आठवून पाहावं.

त्याहून अवघड जागा पुढे आहे. आश्रम चालवायचा तर सनातनी घरांनी आपल्या विधवा मुली विश्वासाने पाठवायला हव्यात. इथे नेऊन मुलींची लग्नं लावतात असा बोभाटा झाला की संपलं. म्हणून अण्णांनी विधवाविवाहाचं काम आश्रमापासून जाणूनबुजून तोडून ठेवलं. धोरण म्हणून हे बिनचूक होतं; नाहीतर आश्रम जिथे उभा राहिला ते हिंगण्याचं माळरान माळरानच राहिलं असतं. पण त्याचा एक परिणाम असा, की ज्या पुनर्विवाहामुळे अण्णांचं नाव झालं, त्याच पुनर्विवाहामुळे बायांना त्या आश्रमात उजळ माथ्याने वावरता येईना. तिथल्या विधवांच्या लेखी ही बाटलेली. विधवांसाठी काढलेल्या संस्थेत, विधवेशी लग्न केलेल्या संस्थापकाची बायको परकी! धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या, कारण त्या विधवाच राहिल्या होत्या. सख्ख्या बहिणींपैकी एकीला आत मान, दुसरी दाराबाहेर. कादंबरीकाराने रचलं असतं तर अतिरेकी म्हणून आपण नाक मुरडलं असतं.

बाया मात्र रडत बसणाऱ्या नव्हत्या, हेही पुस्तकात आहे आणि तेवढंच महत्त्वाचं आहे. मूल लहान असताना त्यांनी नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं. परक्या मुलांना घरी ठेवून घेतलं, त्यांच्या जेवणाखाणाचं पाहिलं. स्वतः लोकांकडून पैसे जमवले. अण्णा कॉलेजातले तास संपवून चार मैल पायी हिंगण्याला जात आणि सकाळी परत येत, त्याची चित्रं आपण शाळेपासून पाहत आलो. वाटेत चिखल, खांद्यावर आश्रमाचं सामान. पुण्यातलं घर त्या काळात कोण चालवत होतं, याचं चित्र कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. ते फक्त ‘माझे पुराणा’त आहे.

एक मात्र सांगायला हवं. ‘माझे पुराण’ हे नवऱ्याविरुद्धचं तक्रारपत्र म्हणून वाचण्याची हल्ली फॅशन आहे. तसं वाचलं तर अर्धं हातचं जातं. बायांच्या रागात अण्णांबद्दलचा अभिमान इतका मुरलेला आहे की एक बाजूला काढायला जावं तर दुसरा बरोबर येतो. त्या भांडतात ते अण्णांच्या कामाशी नव्हे, त्या कामात आपल्याला जागा नाही याच्याशी. आज कर्वेनगरला संस्थेच्या आवारात आश्रमाची जुनी झोपडी जपून ठेवलेली आहे आणि संस्था दर वर्षी कर्तबगार स्त्रीला बाया कर्वे पुरस्कार देते. जागा मिळाली म्हणायची. उशिरा.

आता सून.

इरावतीबाई म्यानमारात, तेव्हाच्या ब्रह्मदेशात, १९०५ साली जन्मल्या, पुण्यात रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढल्या. हे परांजपे म्हणजे अण्णांचे नातलग, ज्यांना अण्णांनीच शिकवून वर काढलं. म्हणजे लग्नाआधीच या मुलीने कर्वे नावाचा दबदबा दुरून पाहिला होता. अण्णांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी लग्न झालं आणि जर्मनीला जायचं ठरलं, तेव्हा सासऱ्यांची त्याला अनुकूलता नव्हती. हिंदुस्थानातलं पहिलं महिला विद्यापीठ काढणारा माणूस सुनेच्या परदेशी डॉक्टरेटपाशी अडखळतो! दिनकररावांनी वडिलांचं न ऐकता बायकोला पाठवलं. अण्णांच्या घरात अण्णांचाच हट्ट मुलांत उतरला होता, तो असा उपयोगी पडला.

‘आजोबा’ या लेखात इरावतीबाई नातवंडांच्या जागी उभ्या राहून सासऱ्यांकडे पाहतात. ही जागा हुशारीने निवडली आहे. पुढे ज्या बाईने भारतातल्या नातेसंबंधांवर जगन्मान्य ग्रंथ लिहिला, तिला कुठल्या नात्यातून माणूस कसा दिसतो हे पक्कं ठाऊक होतं. मुलाला बाप म्हणून जे सोसावं लागतं ते नातवाला सोसावं लागत नाही. बायकोला जे सोसावं लागतं ते सुनेला लागत नाही. लेखातला सगळ्यांत धारदार विचार याच जागेतून निघतो. अशा पुरुषाची सून होण्याचं भाग्य मिळालं याचा त्या आनंद मानतात, आणि त्याची बायको होण्याची वेळ आली नाही याचा त्याहून मोठा. एका दमात दोन्ही.

या विचारापाशी थांबलंच पाहिजे. त्याचा पहिला अर्धा भाग कुठल्याही गौरवग्रंथात शोभला असता. दुसरा अर्धा भाग कुठल्याही गौरवग्रंथातून संपादकाने काढून टाकला असता. इरावतीबाई दोन्ही अर्धे एकमेकांना चिकटवून ठेवतात आणि आदराला धक्का लागू देत नाहीत. हे जमतं कसं? मला वाटतं, त्या अण्णांबद्दल बोलताना बायांच्या वतीने बोलतात म्हणून. सासू-सुनेच्या नात्याच्या वाट्याला मराठी ललित लेखनात कजागपणाखेरीज फारसं काही आलेलं नाही. इथे सून सासऱ्याचा मोठेपणा मान्य करून त्याची किंमत कुणी भरली हे उघड सांगते, आणि ते सांगताना सासूचं नाव उंच करते. लेखातला विनोद हसवायला आलेला नाही. तो दाद मागायला आलेला आहे.

इरावतीबाईंचा ‘परिपूर्ती’ हा लेख ज्यांनी वाचला असेल त्यांना याची दुसरी बाजू सापडेल. सभेत लेखिकेची ओळख करून देताना अमक्याची कन्या, महर्षी कर्व्यांची सून, अमक्याची पत्नी असं सांगतात आणि तिला कुठेतरी उणं वाटत राहतं. पुढे रस्त्यावरची पोरं वर्गातल्या मुलाची आई म्हणून तिला ओळखतात, तेव्हा ते उणेपण भरून निघतं. अण्णांच्या नावाची सावली किती लांब पडत होती, ते एवढ्या कर्तबगार बाईच्या त्या उणेपणातून कळतं.

नातवंडांच्या पिढीत घर किती बदललं, त्याचा एक तपशील मला फार आवडतो. जाई, आनंद आणि गौरी ही मुलं आपल्या आई-वडिलांना इरू आणि दिनू म्हणत. ज्या घरात अण्णा या दोन अक्षरांत धाक आणि आदर एकत्र होता, त्याच घरात एका पिढीत बाप दिनू झाला. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे दोघी लेखिका झाल्या. गौरीच्या नायिकांना तर कुणाची सून म्हणून ओळखलं जाणं सोसलंच नसतं. आजोबांनी बायकांना शाळेत घातलं, नाती त्या शाळेच्या फाटकाबाहेर कधीच्या निघून गेल्या.

मोठ्या मुलाची गोष्ट मात्र हलकी नाही. रघुनाथही वडिलांसारखा गणिताचा प्राध्यापक, वडिलांसारखाच एका ध्यासाने झपाटलेला. संततिनियमनाचं काम सोडावं की नोकरी, असा प्रश्न आला तेव्हा नोकरी सोडली. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ सालापासून मरेपर्यंत चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यांतल्या एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या बाजूने काम चालवलं. वडिलांनाही गावाने वाळीत टाकलं होतं, पण त्यांच्या कामाला अखेर देशाने डोक्यावर घेतलं. मुलाच्या वाट्याला ते आलं नाही. रघुनाथराव १९५३ साली गेले. अण्णांना भारतरत्न मिळालं १९५८ साली. त्याच वर्षी शंभरीनिमित्त टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. हयात माणसाचं चित्र भारतीय तिकिटावर येण्याची ती पहिली वेळ. बाया तेव्हा नव्हत्या, त्या १९५० मध्येच गेल्या होत्या. जन्मभर पाकिटं चिकटवून देणग्या मागणाऱ्या माणसाचा चेहरा पाकिटावर आला, आणि ज्यांना त्याचं सगळ्यांत जास्त कौतुक वाटलं असतं ती दोन माणसं ते पाहायला उरली नव्हती. दीर्घायुष्याची ही वजाबाकी अण्णांनी लिहून ठेवलेली नाही.

मराठी रंगभूमीनेही या घराकडे वळून पाहिलं. वसंत कानेटकरांचं ‘हिमालयाची सावली’ १९७२ साली आलं. नावं बदललेली, पण नानासाहेब भानू आणि बयो कोण हे प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेलाही कळत होतं. डॉ. श्रीराम लागू आणि शांता जोग यांच्या कामांची आठवण जुने नाट्यरसिक अजून काढतात, आणि काढावी अशीच ती कामं होती. तरी माझं मत असं, की नाटकाला जे जमलं नाही ते ‘माझे पुराणा’ला जमलं आहे. नाटकाला पडदा पाडायचा असतो. प्रेक्षक डोळे पुसत घरी जायला हवा, म्हणून हिमालय आणि सावली यांचं शेवटी जुळवून द्यावं लागतं. बायांच्या पुस्तकात असं जुळवून देणारं कुणी नाही. राग आहे तिथे आहे, प्रेम आहे तिथे आहे, आणि दोघांची गाठ घालून देण्याची जबाबदारी वाचकावर आहे.

मग अण्णा प्रेमळ बाप होते की नव्हते? स्मरणिकेतला माणूस या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देतो. ही तीन पुस्तकं तसं देऊ देत नाहीत. ‘आत्मवृत्त’ वाचून वाटतं, या माणसाने माया केली ती सगळी पावतीपुस्तकातून. शिकायला आलेल्या कुणाच्या तरी मुलीच्या फीमधून, कुणाच्या तरी मुलाला घरी ठेवून घेण्यातून. रँग्लर परांजपे त्यांच्याच छायेत वाढले. स्वतःच्या मुलांना त्यांनी इतरांपेक्षा जास्त काही दिलं नाही, कमीही दिलं नाही. आता, बापाने सगळ्या जगाच्या मुलांना सारखं वागवणं हा गुण की अन्याय? बाया म्हणतील अन्याय. चारी मुलांनी मात्र आपापल्या परीने बापाचाच कित्ता गिरवला. रघुनाथरावांनी नोकरी सोडली. शंकरराव पूर्व आफ्रिकेत डॉक्टर झाले. भास्करराव आणि त्यांची पत्नी हिंगण्याच्या संस्थेत राहिले. आणि दिनकररावांनी एक काम असं केलं ज्याला माझ्या मते या सगळ्या आठवणींमध्ये मानाचं पान द्यायला हवं.

अण्णा ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी गेले. पुढच्याच वर्षी दिनकररावांनी संपादित केलेलं ‘द न्यू ब्राह्मिन्स’ हे पाच महाराष्ट्रीय घरांविषयीचं इंग्रजी पुस्तक बाहेर पडलं. त्यात त्यांनी वडिलांची आत्मकथा घेतली, तिच्या शेजारी आईची घेतली, आणि त्या दोघांच्या शेजारी बायकोचा ‘आजोबा’ हा लेख ठेवला. वडिलांच्या जमाखर्चाला आईची वही जोडली आणि वर सुनेची तपासणी. वडील जाऊन वर्ष होत नाही तोच, परक्या भाषेत, साऱ्या जगासमोर. एखाद्या मुलाने वडिलांची थोरवी आधी नीट रचून घेतली असती आणि आईचं पुस्तक ‘घरगुती’ म्हणून मागे ठेवलं असतं. दिनकररावांनी तसं केलं नाही. रसायनशास्त्राच्या या प्राध्यापकाने कुणाच्याही मजकुरात स्वतःचं पाणी न मिसळता तिन्ही नमुने ओळीने मांडून दिले. वडिलांवर त्यांनी स्वतंत्र लेख लिहिला असता तर मी तो आवडीने वाचला असता, पण या मांडणीहून तो बोलका झाला असता असं वाटत नाही.

या तिघांत सरस कोण, असं कुणी विचारलंच तर मी ‘माझे पुराण’ म्हणेन. इरावतीबाईंची भाषा अधिक घोटीव आहे, त्यांची नजर अधिक लांबची आहे. पण त्यांना जे कळलं ते बायांना आधी भोगावं लागलं होतं. ‘आत्मवृत्त’ तिसरं, आणि तरीही ते वाचल्याशिवाय बाकीच्या दोहोंना अर्थ नाही, कारण बाया आणि इरावतीबाई ज्याच्याशी वाद घालतात तो माणूस तिथे स्वतः हजर आहे. तो वाद घालत नाही, खुलासा करत नाही, फक्त आपल्या पायऱ्या दाखवत पुढे जातो. त्याच्या त्या मुक्या, सरळ वाक्यांवर बायांचा राग जाऊन आदळतो तेव्हा दोघंही जिवंत होतात.

वाचायचा क्रम मात्र मी उलटा सुचवेन. आधी ‘आजोबा’ वाचा, तो छोटा आहे आणि डोळे उघडून देतो. मग ‘माझे पुराण’ सावकाश, एका बैठकीत संपवायचा अट्टहास न करता. अण्णांचं ‘आत्मवृत्त’ सगळ्यांत शेवटी घ्या, आणि ते वाचताना बायांचं पुस्तक उघडं करून शेजारी ठेवा.